घरचा सर्व्हर: उभा करा, कुलपं लावा, पाडा, पुन्हा उभा करा

माळ्यावर टाकलेला जुना लॅपटॉप खाली काढा. की-बोर्डची दोन बटणं गेलेली असोत, स्क्रीनवर उभी रेघ आलेली असो, चालेल. सर्व्हर आणि सुरक्षेचं काम शिकायचंय म्हणून माझ्याकडे येणारी मुलं आधी विचारतात, "सर, सर्टिफिकेट कुठलं करू?" मी उलट विचारतो, "घरात पडून असलेला लॅपटॉप आहे का?" सर्टिफिकेटशी माझं वैर नाही, नोकरीच्या दारात ते लागतं. पण यंत्र बंद पडल्यावर पहिला हात कुठे घालायचा, हे स्वतःचं यंत्र दोनचारदा पाडल्याशिवाय कळत नाही.

खाली दिलंय ते नोकरी-कॉलेज सांभाळून सहा-आठ शनिवार-रविवारांचं काम आहे. कमांडची आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी लिपीत.

यंत्र आणि वही

६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असली की सुरुवात होते. ८ जीबी असेल तर पुढे आभासी यंत्रं (एकाच यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने केलेली वेगळी यंत्रं) चालवताना दम लागणार नाही. पैसे घालायचेच असतील तर एका एसएसडीवर घाला. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर शिकणं म्हणजे निम्मा वेळ वाट बघणं.

लॅपटॉपचा एक फायदा लोक विसरतात: त्याच्या पोटात यूपीएस आहे. वीज गेली तरी तासभर चालतो. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, हे तळहात फिरवून बघा. झाकण किंवा तळ उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी काढून टाका, चोवीस तास चार्जिंगला लावलेल्या यंत्रात ती नको. आणि लॅपटॉप जिवंत पण राउटर मेलेला, असं होऊ नये म्हणून राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

झाकण मिटलं की यंत्र झोपी जातं, हे झोपणं बंद करावं लागतं. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकल्यावर 'लॉगइनडी डॉट कॉन्फ' या फाइलीत 'हँडललिडस्विच' ची किंमत 'इग्नोर' करा. वायफायच्या भानगडीत पडू नका, राउटरपासून लॅनची तार ओढा.

आता वही. दोनशे पानी, साधी. प्रत्येक बदलाला चार गोष्टी लिहायच्या: तारीख, काय बदललं, का बदललं, उलटं कसं फिरवायचं. मुलं हसतात, 'सगळं गूगलवर आहे की' म्हणतात. गूगलवर सगळं असेलही, पण गेल्या मंगळवारी रात्री तुम्ही तुमच्या यंत्रावर काय करून ठेवलंत ते नाही. ही वहीच या लेखाचा खरा नायक आहे, शेवटी ती पुन्हा येईल.

लिनक्स टाकणं

लिनक्सच्या अनेक अवतारांपैकी डेबियन १३ घ्या किंवा उबुंटू सर्व्हर २४.०४ एलटीएस घ्या. माझा कल डेबियनच्या 'स्टेबल' आवृत्तीकडे, त्याचं कारण पुढे एका गोष्टीत येईल. आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची प्रत) उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलीच्या मजकुरातून निघणारा ठसा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. मिनिटाभराचं काम आहे, तरी बहुतेक जण ते टाळतात. सुरक्षेची पहिली सवय इथेच लागते: आलेल्या वस्तूचं सील बघून मगच आत घ्यायचं. मग पेन ड्राइव्हवर चढवून बूट करा.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये 'रूट'चा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारतात, ती जागा मोकळी सोडा. म्हणजे रूटचं खातं बंद राहतं आणि तुमच्या खात्याला 'सुडो'चा, म्हणजे गरजेपुरतं रूट होऊन कमांड चालवण्याचा, अधिकार मिळतो. पॅकेजांच्या यादीत डेस्कटॉपवरची खूण काढा, एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षितपणे आत येण्याची सोय) आणि 'स्टँडर्ड सिस्टीम युटिलिटीज' एवढंच ठेवा. जे बसवलंच नाही त्यात भोक पडत नाही.

डिस्क एन्क्रिप्ट करायची का? यंत्र चोरीला जाण्यासारख्या जागी असेल तर जरूर. मात्र प्रत्येक रीबूटला की-बोर्डपाशी जाऊन परवलीचा शब्द घालावा लागेल, आणि लोडशेडिंगच्या गावात ते जिवावर येतं. शिकण्याच्या पहिल्या फेरीत न करता पुढे जा, दुसऱ्या फेरीत करा.

टाइमझोन 'एशिया/कोलकाता' ठेवा आणि घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळतंय का ते 'टाइमडेटसीटीएल'ने बघा. घड्याळ क्षुल्लक वाटतं, पण दोन यंत्रांच्या वेळा जुळत नसतील तर लॉगमध्ये (यंत्राच्या रोजनिशीत) आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच कळत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं ते उगाच नाही. त्याच निर्देशांत सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं हेही आहे. नोकरीच्या मुलाखतीत हे तीन मुद्दे माहीत असले तर समोरचा खुर्चीत सरळ होतो.

नेटवर्क

सर्व्हरचा पत्ता रोज बदलून चालत नाही. राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे यंत्राला कायम, समजा, १९२.१६८.१.२० हाच पत्ता मिळेल. तिथे गेलातच आहात तर राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदला, यूपीएनपी (यंत्रांना आपोआप दारं उघडू देणारी सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडणारी सोय) बंद करा, फर्मवेअर ताजं करा. घराच्या भिंतीला राउटर हेच मुख्य दार, आणि बहुतेक घरांत त्याची किल्ली अजून कारखान्यातलीच आहे.

राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय, त्यामुळे बाहेरून तुमच्या यंत्रापर्यंत थेट येता येत नाही. भारतातल्या घरगुती ब्रॉडबँडवर हे सर्रास आहे. तक्रार करत बसू नका, शिकणाऱ्यासाठी हे वरदान आहे. आणि सीजीनॅट नसला तरी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्यांना राउटरमधून आतल्या यंत्राच्या पोर्टवर, म्हणजे क्रमांकाच्या दारावर, थेट सोडणं) आत्ता करू नका. बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्ड (दोन यंत्रांत एन्क्रिप्ट केलेला बोगदा करणारं व्हीपीएन) शिका, मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून तो लिनक्स कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. सीजीनॅट असेल तर मध्ये भाड्याचा एक छोटा सर्व्हर लागेल किंवा टेलस्केलसारखी तयार व्हीपीएन सोय.

एसएसएच: किल्ली आणि दार

आता स्क्रीन मिटा, पुढचं सगळं दुसऱ्या यंत्रावरून. तिथे 'एसएसएच-कीजेन'ने 'ईडी२५५१९' प्रकारची किल्ली करा आणि तिला परवलीचा शब्द द्या. दोन फाइली होतात. 'पब' शेपटीची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर जाते, बिनशेपटीची खाजगी किल्ली तुमच्या यंत्राबाहेर कधीच जात नाही: व्हॉट्सअॅपवर नाही, गिटवर नाही, 'तात्पुरती' म्हणूनही नाही. 'एसएसएच-कॉपी-आयडी'ने सार्वजनिक किल्ली चढवा, किल्लीने आत जाता येतंय याची खात्री करा, आणि मगच 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' आणि 'परमिट रूट लॉगइन' दोन्ही 'नो' करा.

इथे भले भले फसतात. मुख्य 'एसएसएचडी कॉन्फिग' फाइलीत 'नो' लिहिलं, सेवा पुन्हा सुरू केली, तरी पासवर्ड चालतोच. कारण एसएसएच एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतं, आणि 'एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी' या फोल्डरातल्या फाइली मुख्य फाइलीच्या आधी वाचल्या जातात. उबुंटूवर तिथे '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाइल 'येस' लिहून बसलेली असू शकते. म्हणून फाइलीवर विश्वास ठेवू नका. 'सुडो एसएसएचडी' ला मोठा 'टी' जोडून चालवा. सर्व्हर प्रत्यक्षात काय मानतोय ती पूर्ण यादी समोर येते. त्यात बघा.

हे सगळं करताना आधीची खिडकी उघडीच ठेवा आणि नव्या खिडकीतून आत जाऊन बघा. जुनं कनेक्शन सेवा पुन्हा सुरू केल्याने तुटत नाही, म्हणून काही चुकलं तर त्याच खिडकीतून परत फिरता येतं.

पोर्ट २२ बदलून दुसरं ठेवावं का, हा वाद चहाच्या टपरीवर तासभर चालू शकतो. बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, कुलूप काही मजबूत होत नाही. मी घरी बदलत नाही.

आता डेबियन स्टेबलची गोष्ट. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला पोस्टग्रेस या डेटाबेसचा जाणकार डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर काही मोजमाप करत होता. एसएसएच लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच खातोय, एवढंच त्याला खटकलं. माग काढत गेला तर 'एक्सझेड' या फाइली आवळणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट निघाली. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानाने काम करून विश्वास कमावला होता आणि मग ती घातली होती. स्टेबल आवृत्तीपर्यंत ती पोचलीच नव्हती. तुमचा सर्व्हर रोज किती वेगाने लॉगइन देतो, किती रॅम खातो, हे अंगवळणी पाडून घ्या ते याचसाठी. घरच्या गाडीचा आवाज बदलला की आपल्याला कळतो, तसं.

फायरवॉल

फायरवॉल म्हणजे यंत्राच्या दारांवरचा पहारेकरी. तिचं धोरण एका ओळीचं: आत येणारं सगळं बंद, बाहेर जाणारं चालू, आणि आत गरजेपुरतं एकेक दार उघडायचं. शिकताना 'यूएफडब्ल्यू' हे सोपं साधन पुरतं, पुढे 'एनएफटेबल्स' वाचा. क्रम मात्र पक्का लक्षात ठेवा: आधी एसएसएचला परवानगी, मग फायरवॉल चालू.

हा क्रम मी एकदा उलटा केला. एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर, दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये, रात्रीचे साडेअकरा. फायरवॉल चालू केली. 'एसएसएच तुटू शकतं, पुढे जाऊ का?' असं ती विचारते. मी 'वाय' दाबलं. काहीच तुटलं नाही, कारण आधीपासून चालू असलेलं कनेक्शन ती तोडत नाही. बरं झालं म्हणत मी बाहेर पडलो आणि झोपायच्या आधी सहज पुन्हा लॉगइन करून बघितलं. दार लागलेलं, किल्ली आत. रात्रपाळीच्या माणसाला उठवून कन्सोलवर बसवलं आणि फोनवर एकेक अक्षर सांगून फायरवॉल बंद करवली. तेव्हापासून लांबच्या यंत्रावर नियम बदलायच्या आधी मी 'टीमक्स'च्या (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणाऱ्या) खिडकीत एक गजर लावतो: ३०० सेकंद थांब आणि मग फायरवॉल बंद कर. सगळं नीट चाललं, नव्या खिडकीतून आत जाता आलं, तरच गजर रद्द करायचा.

आता कोणती दारं खरोखर उघडी आहेत ते बघा. 'सुडो एसएस' या कमांडला 'टी, यू, एल, पी, एन' ही अक्षरं जोडा. प्रत्येक ओळीत पत्ता, पोर्ट आणि मागचा प्रोग्राम दिसतो. वाचायचं असं: पत्ता १२७.०.०.१ असेल तर ती सेवा फक्त यंत्राच्या आत बोलते. ०.०.०.० असेल तर ती साऱ्या नेटवर्कसमोर हात जोडून उभी आहे. डेटाबेस ०.०.०.० वर दिसला तर जेवण बाजूला ठेवून आधी ते सुधारा. यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर 'हे कशासाठी?' याचं उत्तर वहीत लिहा. उत्तर नसेल तर सेवा बंद.

डॉकर (प्रत्येक प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरणार असाल तर आणखी एक खड्डा. डॉकर कंटेनरचं पोर्ट बाहेर काढताना स्वतःचे नियम थेट कर्नलच्या टेबलात लिहितो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालतो. तुम्ही '८०८० बंद' म्हणाल, यूएफडब्ल्यूही 'बंद' दाखवेल, आणि पोर्ट उघडं असेल. उपाय सोपा आहे: पोर्ट देताना पुढे १२७.०.०.१ लिहा आणि बाहेरच्या जगाशी फक्त एनजिनएक्ससारख्या रिव्हर्स प्रॉक्सीला, म्हणजे विनंत्या घेऊन आत पोचवणाऱ्या मध्यस्थाला, बोलू द्या.

शेवटी दुसऱ्या यंत्रावरून 'एनमॅप' हे उघडी पोर्टं शोधणारं साधन चालवून स्वतःचंच घर बाहेरून तपासा. स्वतःचंच, हे पुन्हा सांगतो. शेजाऱ्याच्या, कॉलेजच्या, कंपनीच्या यंत्रात परवानगीशिवाय शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागते, आणि हेतू अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा ठरला तर कलम ६६ खाली तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'शिकत होतो' या बचावावर विसंबू नका.

अपडेट

'अनअटेंडेड-अपग्रेड्स' बसवा, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येऊ द्या, रीबूटची वेळ पहाटे चारची ठेवा. इतकंच. अपडेटने काहीतरी मोडेल म्हणून महिनोन्‌महिने न करणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत.

घरच्यांना गिऱ्हाईक करा

रिकामा सर्व्हर काही शिकवत नाही. त्यावर घरातलं कुणीतरी रोज वापरेल असं काहीतरी ठेवा: फोटोंसाठी नेक्स्टक्लाउड, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन, जाहिराती अडवायला पाय-होल. पाय-होल घराचा डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणारा) होतो, म्हणजे तो पडला की सगळ्या घराचं इंटरनेट 'गेलं'. आईची मालिका ऐन वळणावर अडकली की उपलब्धता म्हणजे काय याचा धडा जो मिळतो, तो कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही.

प्रत्येक सेवेला स्वतंत्र वापरकर्ता द्या, रूटखाली काहीही चालवू नका. 'सिस्टमडी-अॅनलाइझ सिक्युरिटी' चालवलं की प्रत्येक सेवा किती उघडी आहे याचा १० पैकी आकडा मिळतो, जितका कमी तितकं बरं. मग त्या सेवेच्या फाइलीत 'नोन्यूप्रिव्हिलेजेस', 'प्रायव्हेटटेंप', 'प्रोटेक्टसिस्टम' ही कुलपं एकेक करून लावा. एक लावा, सेवा चालतेय का बघा, मग दुसरं. तिन्ही एकदम लावलीत आणि सेवा पडली, तर कुणामुळे पडली ते शोधत बसाल.

बॅकअप

इथे थांबा आणि सावकाश वाचा. एवढा भाग नीट केलात आणि बाकीचं अर्धवट राहिलं, तरी मी तुम्हाला कामावर घेईन.

३-२-१ चा नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. रेडला (एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणाऱ्या व्यवस्थेला) बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल रेड तितक्याच इमानाने दोन्ही डिस्कवरून पुसतो. साधन म्हणून 'रेस्टिक' घ्या: एन्क्रिप्ट करतो आणि फक्त बदललेला भाग पाठवतो. चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलू नका, 'पीजी-डंप'सारख्या साधनाने आधी डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढा. आणि ज्या डिस्कवर बॅकअप जातो ती कायम जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर ते तीही गिळेल.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीत काय झालं ते बघा. दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं, थकलेल्या अभियंत्याने ते मुख्य सर्व्हरवर केलं. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीच्या आसपास डेटा गेला होता, साडेचार जीबी उरला. मग बॅकअपकडे धाव. पीजी-डंपची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, म्हणून डंप निघतच नव्हता. तो निघत नाही हे सांगणाऱ्या ईमेल डीमार्कच्या (खोट्या ईमेल अडवणाऱ्या) नियमात अडकून परत जात होत्या, म्हणून ते कुणाला कळतही नव्हतं. वाचले कशामुळे, तर सहा तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या एका स्नॅपशॉटमुळे (त्या क्षणाच्या प्रतीमुळे). मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. हे सगळं त्यांनी स्वतः जगासमोर मांडलं, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

यातून दोन कामं घ्या. एक, बॅकअप झाला नाही तर नव्हे, 'झाला' असा निरोप ठरल्या वेळी आला नाही तर ओरडणारी सोय करा. सर्व्हर मेला तर 'मी मेलो' असं तो कुठून कळवणार? दुसरं, महिन्यातून एकदा बॅकअपमधून फाइली वेगळ्या फोल्डरात काढा, मूळ फाइलींशी 'डिफ'ने ताडून बघा, एखादा फोटो प्रत्यक्ष उघडा. किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

लॉग आणि डिस्क

रोज सकाळी चहाबरोबर 'जर्नलसीटीएल' उघडून आदल्या दिवसाच्या चुका वाचा. पहिला आठवडा काही समजणार नाही, नंतर नेहमीचं काय आणि आजच आलेलं काय ते नजरेला वेगळं दिसू लागेल. डिस्क भरणं हे सर्व्हर पडण्याचं सगळ्यात बिनचेहऱ्याचं आणि सगळ्यात नेहमीचं कारण; ८० टक्क्यांवर निरोप येईल असं करून ठेवा. सेवा चालू आहेत का यावर नजर ठेवायला अपटाइम कुमा पुरतो, डिस्कच्या आकड्यासाठी मात्र त्याला निरोप पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. फक्त तो त्याच यंत्रावर ठेवू नका.

पाडा

साधारण दोन महिन्यांनी एखादा मोकळा रविवार काढा. लॅपटॉपची डिस्क काढून कपाटात ठेवा. पुसू नका, फक्त काढा. नवी कोरी डिस्क लावा. समजा, जुनं यंत्र जळालं. हाताशी फक्त वही आणि बॅकअप. घड्याळ लावा आणि सगळं पुन्हा उभं करा.

वहीत जिथे अडाल तिथे लाल पेनाने खूण करा. ती पायरी तुम्ही केली होती पण लिहिली नव्हती. पुढच्या रविवारी त्या खुणा भरा. मग वहीतल्या पायऱ्या 'अॅन्सिबल' या, लिहिलेल्या पायऱ्या आपोआप करणाऱ्या साधनाच्या फाइलीत उतरवायला घ्या, म्हणजे तिसऱ्या वेळी यंत्र स्वतःच स्वतःला उभं करेल. त्याच्याही पुढे मोठं यंत्र मिळालं तर प्रॉक्समॉक्स (आभासी यंत्रं चालवणारी सिस्टीम) टाकून एकाच खोक्यात चार आभासी सर्व्हर करा आणि घराचं नेटवर्क वीलॅनने तोडा: कॅमेरे एकीकडे, पाहुण्यांचे फोन दुसरीकडे.

माझ्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला बसलो होतो. लिनक्स झालं, एसएसएच झालं, फायरवॉल क्रमाने झाली. दुपारी अडीचला रेस्टिकने बॅकअपचा पासवर्ड विचारला. तो मी मोठ्या शहाणपणाने चाळीस अक्षरी ठेवला होता आणि पासवर्डच्या तिजोरीत जपला होता. ती तिजोरी व्हॉल्टवॉर्डनमध्ये, व्हॉल्टवॉर्डन त्याच सर्व्हरवर, आणि त्याचा बॅकअप त्या पासवर्डच्या आत. दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. मग उठलो, कपाटातून जुनी डिस्क काढली, परत जोडली आणि पासवर्ड कागदावर लिहून घेतला. तो कागद आता वहीत नाही, कारण वही सर्व्हरच्या शेजारीच असते. तो आहे बहिणीच्या घरी, तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये, बंद पाकिटात.